खुणेची काठी आणि २५ युनिटची टाकी

अंबाजोगाईच्या आमच्या माळवदाच्या घरात, न्हाणीच्या दाराआड, बांबूची एक काठी अजूनही उभी असते. तिच्यावर विळ्याने पाडलेल्या सात खुणा आहेत आणि त्यांतल्या खालच्या दोन इतक्या झिजल्या आहेत की त्या डोळ्यांच्या आधी बोटाला कळतात. परसातल्या हौदात ही काठी उभी बुडवायची, ती कुठवर भिजली ते पाहायचे आणि नळाला पुन्हा पाणी येईपर्यंत रोज किती उपसायचे ते ठरवायचे, हा आईचा वर्षानुवर्षांचा नेम. हौदात किती लिटर मावते असे कोणी विचारले तर तिला सांगता येत नसे. "आठ दिवसांचा आहे," एवढेच ती म्हणे, आणि चैत्र लागला की तोच हौद तिच्या बोलण्यात सहा दिवसांचा होई. हौद तेवढाच असे. उन्हाने पाणी उडे, माणसांची तहान वाढे, कूलरला दोन घागरी जास्त लागत.

२०२५ च्या दिवाळीनंतर स्वस्तातली इलेक्ट्रिक गाडी घेण्याचा विचार आमच्या घरात पक्का झाला आणि मी वही घेऊन तुलना करायला बसले, तेव्हा ही काठी मला वारंवार आठवत राहिली. प्रत्येक गाडीच्या माहितीपत्रकावर एक मोठा आकडा असतो: एका चार्जमध्ये इतके किलोमीटर. तो आकडा हौदाच्या लिटरसारखा आहे. तो चुकीचा नसेलही, पण त्याच्या भरवशावर रोजचे घर चालत नाही. आपल्याला आपल्या उन्हाळ्यातले, आपल्या रस्त्यावरचे, आपल्या माणसांसह होणारे दिवस मोजावे लागतात, आणि ते मोजण्यासाठी आपली आपणच काठी करावी लागते.

मी लातूरला राहते आणि रेणापूरच्या पुढच्या एका गावातल्या शाळेत शिकवते. जाऊन-येऊन ५६ किलोमीटर होतात. आजवर हा प्रवास एसटीने, काळी-पिवळीने आणि दोन्ही चुकल्या की यांच्या मोटारसायकलवर झाला. आई अंबाजोगाईला एकटी राहते. तिचे वय ७४, गुडघे दुखतात, आणि योगेश्वरीचे गाव सोडून लातूरला यायला ती तयार नाही. महिन्यातून दोनदा तरी मला तिच्याकडे जावे लागते आणि गावातले फिरणे धरून ती खेप १२० किलोमीटरची होते. यांचे मोटार वाइंडिंगचे दुकान आहे; शेतकऱ्यांच्या जळालेल्या पंपाच्या मोटारी उघडायच्या, काळी पडलेली तार काढायची आणि नवी भरायची, हे काम ते तीस वर्षे करत आहेत. त्यामुळे इलेक्ट्रिक गाडीची भीती आमच्या घरात पहिल्यापासून कमी होती. "मोटार सहसा स्वतःहून बिघडत नाही, तिला मिळणारी वीज बिघडलेली असते," हे त्यांचे वाक्य मी गिऱ्हाइकांना ऐकवलेले शेकडो वेळा ऐकले आहे. पुढे ते वाक्य आम्हाला वेगळ्याच ठिकाणी आठवले.

तुलनेची सुरुवात मी गाड्यांपासून केली नाही. नोव्हेंबर ते जानेवारी या तीन महिन्यांत आम्ही रोज कुठे गेलो आणि किती किलोमीटर गेलो, याची नोंद वहीत केली. ९२ दिवसांत १३० किलोमीटरच्या वर जाणे फक्त चारदा झाले, आणि त्या चारही वेळा आम्ही सोलापूरला किंवा त्याच्या पलीकडे गेलो होतो. म्हणजे उरलेले ८८ दिवस गाडीला घरच्या अंगणात रात्री भरून सकाळी निघायचे होते. या एका पानाने माझ्या डोक्यातली निम्मी गर्दी कमी झाली. पुण्याला मुलाकडे जायचे तर रेल्वे आहे. वर्षातून दोनदा होणाऱ्या त्या प्रवासासाठी वर्षभर मोठी बॅटरी वाहून नेण्यात मला अर्थ दिसला नाही.

गाड्यांची माहिती वाचताना सगळ्यांत आधी मी एक शब्द आपल्या घरातला करून घेतला. बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासात सांगतात. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचे एक युनिट. हजार वॅटची इस्त्री तासभर चालली की जेवढी वीज लागते तेवढी. हे कळले की सगळी माहितीपत्रके एकदम बोलू लागतात. एमजी कॉमेट ही १७.३ युनिटची टाकी. टाटा टियागो ईव्ही १९.२ आणि २४ युनिटच्या दोन टाक्यांत आली. सिट्रोएन ईसी३ २९.२ युनिटची. टाटा पंच ईव्ही जानेवारी २०२४ मध्ये बाजारात आली ती २५ आणि ३५ युनिटच्या टाक्या घेऊन, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आलेली एमजी विंडसर ३८ युनिटची. माझ्या वहीत या गाड्यांची नावे नंतर आली, आधी एवढेच आकडे एकाखाली एक लिहिले होते.

पुढचा प्रश्न, एका युनिटवर गाडी किती जाते. आपल्याकडे कंपनीने सांगितलेली रेंज ही ठरावीक भारतीय चाचणीतून येते. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर उभी असते, वेग आधीच ठरलेल्या आलेखाप्रमाणे कमी-जास्त होतो आणि त्या आलेखात सावकाश चालण्याचा वाटा मोठा असतो. समोरचा वारा नसतो, मागच्या सीटवर तीन माणसे आणि डिकीत शेंगदाण्याचे पोते नसते. टियागोच्या २४ युनिटच्या गाडीसाठी २०२२ मध्ये ३१५ किलोमीटर सांगितले गेले. भागाकार केला तर युनिटला तेरा किलोमीटर येतात. कॉमेटचे २३० किलोमीटर म्हणजेही युनिटला तेराच. माझ्या शाळेतल्या एका सहकारी सरांकडे दोन वर्षांपासून टियागो ईव्ही आहे, आणि ते गणिताचे शिक्षक असल्यामुळे त्यांनी मीटर लावून हिशेब ठेवला आहे. साठ-पासष्टच्या वेगाने, थंडीच्या दिवसांत, दोघेजण असताना त्यांना युनिटला आठ-साडेआठ किलोमीटर मिळतात. मे महिन्यात, लातूरचे तापमान ४१-४२ अंशांवर असताना, एसी पूर्ण लावून नव्वदच्या वेगाने गेले की तोच आकडा साडेसहावर येतो.

वेगाचा हा परिणाम मी मुलांना शिकवते, तरी स्वतःच्या पैशांनी पाहिल्याशिवाय तो पटला नव्हता. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; वेग दीडपट झाला की अडथळा सव्वादोनपट होतो. पेट्रोलच्या गाडीत इंजिन बहुतेक ऊर्जा उष्णतेतच घालवते, म्हणून हा फरक त्या गाडीत झाकला जातो. विजेच्या गाडीत वाया जाणारे आधीच थोडे असते, म्हणून वेगाची किंमत लगेच समोर दिसते. उलट गावातल्या गर्दीत, जिथे पेट्रोलची गाडी पेट्रोल पिते, तिथे ही गाडी काटकसरीची होते, कारण वेग कमी करताना मोटारच जनरेटरसारखी चालून थोडी वीज बॅटरीत परत टाकते. सरांसोबत आम्ही एकदा सोलापूरला गेलो तेव्हा तुळजापूरचा घाट उतरताना टक्केवारीचा आकडा जागेवर थांबला आणि तळाशी पोहोचेपर्यंत एकने वाढला. येताना तोच घाट चढावा लागला आणि त्याने मिळालेले सगळे परत घेतले, त्यावर थोडे आणखीही.

तर माझ्या काठीवरची सर्वांत खालची खूण ठरली ती अशी: युनिटला साडेसहा किलोमीटर, उन्हाळ्यातले. बॅटरी पूर्ण रिकामी कधी करायची नाही आणि रोज काठोकाठ भरेलच असेही नाही, म्हणून वरचा दहावा आणि खालचा दहावा हिस्सा सोडून दिला. २५ युनिटच्या गाडीत कामाचे २० युनिट उरतात आणि ती मे महिन्यात १३० किलोमीटर जाते. माहितीपत्रकावर त्याच गाडीसमोर ३१५ किलोमीटर लिहिलेले होते. आठ दिवसांचा हौद आमच्या हिशेबात तीन-साडेतीन दिवसांचा झाला होता, तरीही अंबाजोगाईची १२० किलोमीटरची खेप त्यात बसत होती. अगदी कडेने, पण बसत होती.

आता एकेका गाडीविषयी.

कॉमेटवर माझा जीव जडला होता, हे मान्य करते. तिची लांबी २९७४ मिलिमीटर, म्हणजे तीन मीटरच्याही आत. गंजगोलाईच्या गर्दीत ती जशी वळेल तशी दुसरी कोणतीच वळणार नाही. पण दारे दोनच आहेत, मागे बसायचे तर पुढची सीट वाकवून आत शिरावे लागते, आणि आईचे गुडघे ते मानणार नाहीत. आईला पुढे बसवावे तर मागे चार माणसांचे सामान ठेवायला वेगळी डिकी नाही. तिच्या १७.३ युनिटच्या टाकीतून माझ्या हिशेबाने उन्हाळ्यात ९० किलोमीटर निघतात आणि तिला डीसी फास्ट चार्जिंगची, म्हणजे मोठ्या चार्जरवर झटपट भरण्याची, सोय नाही, त्यामुळे अंबाजोगाईला गेले की थांबून भरल्याशिवाय परतता येत नाही. ज्या घरात दुसरी मोठी गाडी आहे आणि रोजचे फिरणे शहरातलेच आहे त्या घरासाठी ती फार चांगली निवड आहे, असे माझे मत अजूनही आहे.

बॅटरी भाड्याने घेण्याची योजना मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारी वाटली. विंडसर आली तेव्हा बॅटरीशिवाय गाडीची किंमत ९.९९ लाख आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये असा पर्याय दिला गेला. नंतर कॉमेटसाठी तोच पर्याय ४.९९ लाख आणि किलोमीटरला अडीच रुपये असा आला. पहिला आकडा ऐकून आमच्या आळीतल्या दोन घरांनी गाडी घ्यायचे ठरवले. मी वहीतली वर्षाची बेरीज काढली: शाळेचे २२० दिवस आणि आईकडच्या २४ खेपा मिळून वर्षाला साधारण १५ हजार किलोमीटर. अडीच रुपयांनी त्याचे भाडे ३७,५०० रुपये आणि साडेतीन रुपयांनी ५२,५०० रुपये होते, चार्जिंगची वीज वेगळी. पेट्रोल वाचवून जे पैसे हाती राहणार होते ते जवळपास सगळेच इकडे जाणार होते. ज्याचे फिरणे थोडे आहे, ज्याला एकदम मोठी रक्कम उभी करता येत नाही आणि जुन्या बॅटरीची धास्ती वाटते, त्याला ही योजना सोयीची पडेल. आम्हाला मात्र ते रोज टँकर विकत घेतल्यासारखे वाटले, आणि २०१६ चा उन्हाळा लातुरात काढलेल्या माणसाला विकतचे पाणी किती महाग पडते ते सांगावे लागत नाही. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले होते. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते, आणि शहरात प्रत्येकजण आपापल्या टाकीच्या तळाशी किती बोटे उरली आहेत ते मोजत होता.

ईसी३ ची टाकी मोठी आणि डिकी ३१५ लिटरची, त्यामुळे ती यादीत बराच काळ टिकली. दोन गोष्टींनी ती बाजूला ठेवली. तिची बॅटरी हवेने थंड होते. टियागो आणि पंचसारखी द्रवाने थंड करण्याची व्यवस्था तिच्यात नाही, आणि मराठवाड्याच्या उन्हात मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. दुसरी गोष्ट, मार्च २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या आदळवून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने जाहीर केलेल्या चाचणीत तिला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. पंच ईव्हीला त्याच वर्षी भारत एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले. गळीत हंगामात लातूर-अंबाजोगाई रस्त्यावर संध्याकाळी सातनंतर ज्याने गाडी चालवली आहे त्याला हे तारे किती मोलाचे आहेत ते कळेल. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे एकही दिवा नाही, आणि समोरून येणाऱ्या ट्रकचा उजेड थेट डोळ्यांत. त्या रस्त्यावर माझी आई माझ्या शेजारी बसणार आहे, म्हणून या मुद्द्यावर मी पैशांचा हिशेब मांडलाच नाही.

पैशांचा हिशेब बाकी सगळीकडे मांडला. शाळेच्या ५६ किलोमीटरला सात युनिट आणि चार्जिंगमध्ये वाया जाणारे धरून आठ. महिन्याचे २४ दिवस आणि अंबाजोगाईच्या दोन खेपा मिळून गाडीला सव्वादोनशे युनिट लागतात. घराचे १३० युनिट मिळवले की बेरीज साडेतीनशेच्या वर जाते, आणि इथे एक गोष्ट विक्री करणारे सहसा सांगत नाहीत: आपल्या घरगुती विजेचा दर टप्प्यांनी चढतो, आणि ३०० युनिट ओलांडले की पुढचे प्रत्येक युनिट बरेच महाग पडते. आमच्या बिलात मधल्या टप्प्याचे युनिट सगळे आकार धरून तेरा रुपयांच्या आसपास पडते. त्या दराने शाळेचा एक दिवस १०४ रुपयांत होतो. पेट्रोलच्या लहान गाडीने तोच दिवस साडेतीनशे रुपयांच्या आत भागत नाही. वर्षाला पन्नास हजारांच्या वर बचत दिसते. पेट्रोलच्या आणि विजेच्या सारख्याच गाडीत तीन-साडेतीन लाखांचा फरक असेल तर तो भरून निघायला सहा-सात वर्षे लागतात. ऑगस्ट २०१९ पासून इलेक्ट्रिक गाडीवर पाच टक्केच जीएसटी आहे, पण सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यामुळे हा काळ पूर्वीपेक्षा लांबला आहे. जो रोज दहा-पंधरा किलोमीटर फिरतो त्याने केवळ बचतीसाठी इलेक्ट्रिक गाडी घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन. त्याची बचत कधीच हाती येणार नाही.

३०० युनिटच्या वरच्या त्या महाग टप्प्यावर उपाय यांनी शोधला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या सौर पॅनेलला ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते, आणि आपल्याकडच्या उन्हात तीन किलोवॅटमधून दिवसाला सरासरी बारा युनिट निघतात. महिन्याचे ३६० होतात. घर आणि गाडी मिळून आमची बेरीजही जवळपास तेवढीच आहे. गाडी रात्री भरते आणि ऊन दिवसा असते, पण नेट मीटर दोन्हीची वजाबाकी करतो. ज्या उन्हाने आम्हाला आयुष्यभर छळले त्यावर शाळेत जायचे, ही कल्पना मला इतकी आवडली की त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही.

टोलविषयी बरेच लोक विचारतात. राज्याच्या २०२५ च्या धोरणात समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारींना टोल माफ झाला आहे. जालना किंवा छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला समृद्धी जवळ आहे, त्याला याचा उपयोग होईल. लातूरकरांच्या रोजच्या रस्त्यांत यांतला एकही नाही.

शेवटी उरल्या टियागो आणि पंच. टियागो स्वस्त, चालवायला सोपी, आणि सरांचा दोन वर्षांचा अनुभव समोर. पण ती बुटकी आहे. आईला तिच्यात बसताना खाली जावे लागते आणि उठताना कोणाचा तरी हात लागतो. पंच उंच आहे. शोरूममध्ये आईला घेऊन गेलो तेव्हा ती दार उघडून सरळ आडवी सरकून बसली, पदर सावरला आणि म्हणाली, "ही खुर्चीवानी आहे." त्या एका वाक्याने टियागो मागे पडली. आता प्रश्न एवढाच होता की टाकी २५ युनिटची घ्यायची की ३५ ची. दोघींत लाखभराचा फरक होता, आणि अंबाजोगाईचे १२० किलोमीटर २५ च्या टाकीत कडेने बसत होते. शनिवारी शाळा सुटल्यावर तशीच आईकडे निघाले तर सकाळचे ५६ किलोमीटर आधीच गेलेले असतील. रात्री लातूरला वीज गेलेली असेल तर टाकी अर्धीच भरलेली असेल. आणि आईला तातडीने लातूरच्या दवाखान्यात आणायचे झाले तर? मी ३५ कडे झुकले होते.

"आईकडेच चार्ज करू या," हे म्हणाले. "पंधरा अँपिअरचा एक पॉइंट लागतो. रात्रभर राहिलो की गाडी भरते."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सरांना विनंती करून आम्ही त्यांची टियागो घेऊन अंबाजोगाईला गेलो. ओसरीवरच्या कूलरच्या सॉकेटमध्ये चार्जरची पिन लावली. डब्यावरचा दिवा क्षणभर हिरवा झाला आणि लाल होऊन लुकलुकू लागला. पिन काढून पुन्हा लावली, पुन्हा लाल. सर म्हणाले, अर्थिंग नसेल तर चार्जर वीज घेत नाही, तो आधी अर्थ तपासतो. यांनी पिशवीतून मल्टिमीटर काढला. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एक-दोन व्होल्टच्या वर काही दिसायला नको; तिथे साठच्या वर आकडा होता. मीटरची एक वायर हातात धरून हे घरभर फिरू लागले, आणि स्वयंपाकघरात फ्रिजच्या कडेला दुसरी टोचणी लावून ते थांबले. फ्रिजचे अंग आणि ओली फरशी यांच्यात सत्तर व्होल्ट होते.

फ्रिजसमोर गोणपाटाची चौपदरी घडी अंथरलेली होती. ती मी कित्येक वर्षे पाहत आले होते. पाय पुसायला असेल, असे मी धरून चालले होते.

"आई, हे इथे कशाला?" मी विचारले.

"फ्रिजला करंट येतो ना अनवाणी उभं राहिलं की. पोतं टाकलं की येत नाही."

"किती दिवसांपासून?"

"झाली असतील चार-पाच वर्षं. पावसाळ्यात जरा जास्त येतो."

यांनी मीटर खाली ठेवला. जावयाचा सगळा जन्म विजेच्या कामात गेला, आणि त्याच्याच सासूने ही गोष्ट त्याला सांगितली नव्हती. आल्या-आल्या जावयाला कामाला कसे लावायचे, एवढेच तिच्या मनात होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी फ्रिजची पिन काढली आणि तिच्याभोवती चिकटपट्टी गुंडाळली, कोणी चुकून लावू नये म्हणून. घरातल्या सगळ्या सॉकेटच्या अर्थच्या वायरी एकमेकींना जोडलेल्या होत्या आणि जमिनीला त्यांतली एकही जोडलेली नव्हती. कॉम्प्रेसरमधून झिरपणारी वीज त्या वायरींवरून घरभर पसरत होती आणि जमिनीत जायला वाट शोधत होती. ती वाट आईच्या पायांतून जात होती.

पुढच्या रविवारी खड्डा खणायला वायरमन मामा आले. वर हातभर काळी माती, तिच्याखाली मुरूम, आणि पाच फुटांवर पहार वाजू लागली. जुन्या पद्धतीने दहा फूट खाली पत्रा पुरून कोळसा आणि मिठाचे थर द्यायचे तर तिथे दगड फोडावा लागला असता. "दगडाला अर्थ मिळत नाही ताई, ओल पाहिजे," असे म्हणून ते परसात फिरले आणि न्हाणीच्या मोरीजवळ, जिथे सांडपाण्यावर आईने अळू वाढवला होता, तिथे येऊन थांबले. हीच जागा, बारा महिने ओली. आईने एकदा अळूकडे पाहिले, कोवळी पाने खुडून परडीत घेतली आणि मग खणा म्हणाली. तिथे थोड्या अंतरावर दोन पाइप उभे पुरले, भोवती ओल धरून ठेवणारी बेंटोनाइटची पूड भरली, दोन्ही पाइप पट्टीने जोडले आणि तिथून मीटरपर्यंत जाड वायर ओढली. पॉइंटसाठी मीटरपासून स्वतंत्र लाइन ओढली आणि सगळ्या घरासाठी, विजेची गळती झाली की लगेच पडणारा आरसीसीबी हा स्विच बसवला. सगळे मिळून साडेआठ हजार रुपये लागले. संध्याकाळी न्यूट्रल-अर्थचे व्होल्टेज १.६ आले. फ्रिज लावताच आरसीसीबी पडला, म्हणजे तो आपले काम करत होता. फ्रिज दुरुस्तीला गेला आणि आईने आठवडाभर माठावर काढला.

त्यानंतर ३५ युनिटच्या टाकीचा विषय आमच्या घरात निघाला नाही. २५ युनिटची पंच आम्ही मार्चमध्ये नोंदवली. जे इलेक्ट्रिक गाडी घेण्याच्या विचारात आहेत त्यांना मी आता एकच विनंती करते: शोरूमला जाण्याच्या आधी घराचे अर्थिंग तपासून घ्या, आणि ज्या घरी तुम्ही वरचेवर मुक्कामाला जाता तिथलेही. वायरमन अर्ध्या तासात मीटर लावून सांगतो.

खड्ड्यावर मामांनी एक नरसाळे बसवून दिले आहे आणि उन्हाळ्यात त्यात आठवड्याला घागरभर पाणी ओतायला सांगितले आहे. परवा आईचा फोन आला. हौदात काठी घालून पाहिली, चौथ्या खुणेपर्यंत पाणी आहे, म्हणून या शनिवारी खड्ड्याला चांगल्या पाण्याची घागर दिली. तिसऱ्या खुणेवर आले की भाजी धुतलेले आणि तांदळाचे धुवण टाकणार आहे, ते चालेल का, असे जावयाला विचारून सांग, म्हणाली. यांनी शेजारूनच मोठ्याने सांगितले, "चालेल आई, ओल राहिली म्हणजे झालं." मग तिने गाडी कधी येणार ते विचारले, आणि फ्रिजसमोरचे पोते काढून टाकलेस का, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, राहू दे ग, पायाला बरे वाटते.